साधे पडसे आणि गंभीर फुप्फुसदाह
(श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजाराची दोन रूपे)

काशीतील दूधविनायक हा मोहल्ला पुष्कळ मराठी वाचकांनी पाहिलेला असेल. निदान त्याचे नाव तरी ऐकलेले असेल. पेशवाईच्या काळापासून महाराष्ट्रातून काशीस जाऊन राहिलेल्या कुटुंबांची घरे पंचगंगाघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक या भागांत आहेत. येथील घरे दगडी व उंच आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार त्यांत शिरू शकत नाही. पौष-माघात गंगेवरून धुके येते, दारे-खिडक्या बंद होतात, माणसे एकाच खोलीत उबेला बसतात आणि घरोघर शिंका-खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात.

समजा, अशा एका वाड्यात एकाच आठवड्यात तिघांना पडसे झाले. पहिला महाविद्यालयात शिकणारा नातू. त्याला दोन दिवस चांगलाच ताप होता, अंग मोडून आले होते, घसा धरला होता. पण पाचव्या दिवशी तो उठून घाटावर फिरून आला. दुसऱ्या आजी. त्यांचे वय अडुसष्ट असून त्यांना मधुमेह आहे. त्यांचा ताप कधीच फारसा चढला नाही. मात्र सहाव्या दिवशी एक वाक्य पुरे बोलताना त्यांना मध्ये थांबावे लागू लागले. "अगं, साधं पडसंच ते, उतरेल दोन दिवसांत," असे त्या सुनेला सांगत होत्या. तिसरे दहा महिन्यांचे बाळ. त्याचे नाक वाहत होते आणि त्या दिवशी सकाळपासून ते दूध घेईनासे झाले होते.

तिघांच्या घशात शिरलेला विषाणू एकच असू शकतो. मग एकाचा आजार चार दिवसांत का बरा होतो आणि दुसऱ्याचा जिवावर का बेततो? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, घरातील सुनेने या तिघांपैकी कोणास अंथरुणावर विश्रांती घेऊ द्यावी आणि कोणास त्याच घटकेस गल्लीतून बाहेर काढून रुग्णालयात न्यावे? या दोन प्रश्नांची उत्तरे आता क्रमाने पाहू.

हवेचा मार्ग

आपण श्वासाबरोबर घेतलेली हवा नाक, घसा व स्वरयंत्र यांतून श्वासनालात उतरते. श्वासनालाच्या दोन शाखा होतात, प्रत्येक शाखेच्या पुन्हा दोन, त्यांच्या पुन्हा दोन, असे सुमारे तेवीस वेळा विभाजन होत जाते. चौकातील मोठ्या रस्त्यावरून गल्लीत, गल्लीतून बोळात आणि बोळातून अखेरीस घराच्या अंगणात पोहोचावे, तशीच ही रचना आहे. या मार्गाच्या टोकाशी असलेली अंगणे म्हणजे वायुकोश. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत त्यांची संख्या सामान्यतः तीस कोटींहून अधिक असते.

वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. तिच्या एका बाजूस हवा आणि दुसऱ्या बाजूस केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त असते. या भिंतीतून हवेतील प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू बाहेर येतो. श्वसनाचे खरे काम येथेच होते. त्यावरचा सारा मार्ग केवळ हवा नेण्या-आणण्यासाठी व ती ऊबदार, ओलसर आणि स्वच्छ करण्यासाठी आहे.

सौम्य आणि गंभीर आजारांतील भेद समजण्यासाठी ही एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे. विषाणूचा उपद्रव वरच्या मार्गापुरता राहिला तर माणूस हैराण होतो, पण त्याच्या रक्ताला प्राणवायू मिळत राहतो. उपद्रव वायुकोशांपर्यंत पोहोचला, की प्राणवायूचा पुरवठाच तुटू लागतो.

सौम्य आजारात काय घडते

पडसे व फ्लू यांसारखे आजार उत्पन्न करणारे विषाणू अनेक जातींचे आहेत. साध्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, फ्लूचे इन्फ्लुएन्झा विषाणू, लहान मुलांना विशेष त्रास देणारा आर.एस.व्ही. आणि २०१९ च्या अखेरीस प्रथम आढळलेला कोविडचा करोना विषाणू ही त्यांतील काही नावे होत. विषाणूस स्वतःचे असे चलनवलन नसते. तो शरीराच्या पेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करून घेतो आणि त्या प्रती शेजारच्या पेशींत शिरतात.

पहिल्या पेशी बाधित होताच शरीराचा प्रतिकार सुरू होतो. बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची द्रव्ये बाहेर सोडतात व त्यांच्यामुळे शेजारच्या पेशी सावध होऊन विषाणूच्या वाढीस अडथळा करतात. या द्रव्याचा शोध आयझॅक्स व लिंडेनमान या दोन शास्त्रज्ञांनी १९५७ साली लंडनमध्ये लावला. यापाठोपाठ रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी जमतात. नाकातील अस्तर सुजते, पाण्यासारखा स्राव वाहू लागतो, शरीराचे तपमान वाढते, स्नायू दुखतात. ही लक्षणे बहुतांशी विषाणूची नसून आपल्या शरीराने त्याच्याशी मांडलेल्या झुंजीची असतात. म्हणूनच ताप जोराचा आहे, एवढ्यावरून आजार गंभीर आहे असे ठरत नाही. आणि ताप थोडा आहे, एवढ्यावरून तो सौम्य आहे असेही ठरत नाही. वृद्धांच्या शरीरात पुष्कळदा पुरेसा ताप येतच नाही.

निरोगी व तरुण माणसाच्या बाबतीत ही झुंज बहुधा नाक-घशाच्या पातळीवरच निकालात निघते. ताप तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला मात्र दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक रेंगाळतो, कारण श्वासनलिकांच्या आतील अस्तर पूर्ववत होण्यास तेवढा अवधी लागतो. केवळ खोकला लांबला म्हणून घाबरण्याचे कारण नसते. अशा रोग्यास विश्रांती, भरपूर पेय पदार्थ, हलका आहार आणि ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामोल एवढे पुरे होते. प्रतिजैविक औषधे जंतूंवर चालतात, विषाणूंवर नाही. त्यामुळे साध्या पडशात ती घेतल्याने लाभ काही होत नाही, आणि पुढे जंतू त्या औषधांस दाद देईनासे होतात. लहान मुलांना तर तापासाठी ॲस्पिरिन देऊच नये, कारण फ्लूसारख्या आजारात त्यामुळे यकृत व मेंदू यांना इजा करणारा एक विरळा पण घातक विकार होऊ शकतो.

गंभीर आजार तीन वाटांनी येतो

पहिली वाट म्हणजे विषाणू स्वतःच वायुकोशांपर्यंत उतरण्याची. तेथील पेशी मरतात, केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि जेथे हवा असावयास हवी तेथे पाणी व पू यांसारखा स्राव साचतो. यासच विषाणुजन्य फुप्फुसदाह किंवा न्यूमोनिया म्हणतात. अंगणातच पाणी भरल्यावर गल्ली मोकळी असून उपयोग काय? श्वास आत जातो, पण त्यातील प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी वाट शरीराच्या अतिरेकी प्रतिकाराची. विषाणूचा जोर ओसरू लागल्यावरही प्रतिकाराची द्रव्ये प्रमाणाबाहेर निर्माण होत राहतात आणि त्यांच्यामुळे निरोगी पेशींचाही नाश होतो. कोविडच्या पुष्कळ रोग्यांत पहिला आठवडा बरा जाऊन दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीस प्रकृती अचानक ढासळे, त्याचे हे एक प्रमुख कारण होते. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे म्हणूनच लगेच समजू नये.

तिसरी वाट जंतूंची. विषाणूने श्वासनलिकांचे अस्तर खरवडून काढले, की एरवी घशात निरुपद्रवी असणारे न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारखे जंतू खाली उतरून फुप्फुसात ठाण मांडतात. रोगी बरा होऊ लागला, एक-दोन दिवस चांगले गेले आणि मग पुन्हा जोराचा ताप, छातीत दुखणे व पिवळा किंवा रक्तमिश्रित कफ सुरू झाला, तर या तिसऱ्या वाटेचा संशय घ्यावा. येथे मात्र प्रतिजैविक औषधे प्राण वाचवितात.

यांशिवाय विषाणूमुळे पूर्वीचा दमा किंवा हृदयविकार बळावून रोगी अत्यवस्थ होतो, हेही पुष्कळदा घडते.

१९१८ चा धडा

सौम्य व गंभीर ही एकाच आजाराची दोन रूपे असतात, याचे सर्वांत भयंकर प्रत्यंतर भारताने १९१८ साली पाहिले. त्या वर्षी १० जून रोजी मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. पाहता पाहता ताप शहरभर पसरला. कचेऱ्या व गिरण्या ओस पडल्या, परंतु बहुतेक रोगी काही दिवसांत बरे झाले आणि जुलै संपेपर्यंत साथ ओसरली. लोकांना वाटले, संकट गेले.

सप्टेंबरात तीच साथ परत आली आणि या वेळी तिचे रूप निराळे होते. रोग्यांच्या फुप्फुसांत दाह होऊ लागला, ओठ व नखे निळी पडू लागली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मरण पावली. वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली. त्याच वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग झाले होते, आणि अर्धपोटी शरीरांना या रोगाशी झुंजण्याचे बळ नव्हते. साथ रेल्वेमार्गांनी सर्वत्र पोहोचली. काशी ज्या संयुक्त प्रांतात होती, त्या प्रांतातही तिने हाहाकार माजविला. काशीच्या वर गंगेकाठच्या डलमऊ येथे हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांनी आपली पत्नी व अनेक आप्त याच साथीत गमावले, आणि गंगेचे पात्र प्रेतांनी भरलेले आपण पाहिल्याचे त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे. देशातील एकूण मृत्यूंचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात.

त्या काळी रोगाचे कारण ठाऊक नव्हते. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू इंग्लंडमध्ये १९३३ साली वेगळा काढण्यात आला. पुढे जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचे परीक्षण झाले तेव्हा असे दिसून आले की, १९१८ चे बहुसंख्य मृत्यू वर सांगितलेल्या तिसऱ्या वाटेने, म्हणजे विषाणूपाठोपाठ आलेल्या जंतूंमुळे झाले होते. प्रतिजैविक औषधे तर तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

परंतु या कहाणीची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. त्या भीषण शरद ऋतूतही ज्यांना ताप आला त्यांपैकी बहुतेक जण बरे झाले. साथीत सौम्य रोगी नेहमीच पुष्कळ असतात व गंभीर रोगी थोडे असतात. २०२० च्या प्रारंभी चीनमध्ये कोविडच्या सुमारे ४४ हजार निश्चित रोग्यांची नोंद अभ्यासली गेली, तेव्हा त्यांत ८१ टक्के सौम्य, १४ टक्के गंभीर व ५ टक्के अत्यवस्थ आढळले. शंभरांतील एक्क्याऐंशींच्या गर्दीतून उरलेले एकोणीस वेळेवर ओळखणे, हेच साथीच्या काळातील खरे कसोटीचे काम होय.

पुण्याचा अनुभव

ही कसोटी किती अवघड असते, हे २००९ साली पुण्यास दिसले. त्या वर्षी आलेल्या नव्या फ्लूस लोक 'स्वाइन फ्लू' म्हणत. ३ ऑगस्ट रोजी भारतातील त्याचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहर हादरले. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांना साधा खोकला किंवा नुसती भीती होती. अशा गर्दीचे दोन तोटे होतात : निरोगी माणसाला रांगेतच रोग लागू शकतो, आणि ज्यास खरोखर गरज आहे तो रोगी गर्दीत हरवतो.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने रोग्यांचे तीन वर्ग पाडून दिले. पहिल्या वर्गात सौम्य ताप, खोकला व घसादुखी असलेले. यांनी घरी राहावे, त्यांना तपासणीची वा विषाणुरोधक औषधाची जरूर नाही. दुसऱ्या वर्गात जोराचा ताप असलेले, तसेच बालके, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व दीर्घकाळचे विकार असलेले रोगी. यांना डॉक्टरांनी औषध द्यावे व घरीच लक्ष ठेवावे. तिसऱ्या वर्गात धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त येणे किंवा नखे निळी पडणे यांपैकी काही असलेले. यांना तत्काळ रुग्णालयात दाखल करावे. या वर्गीकरणात विषाणू कोणता, हा प्रश्न मागे पडतो आणि रोग्याची अवस्था कोणती, हा प्रश्न पुढे येतो. घरातील माणसांनीही याच क्रमाने विचार करावा.

सीमारेषा श्वासात आहे

मग ही अवस्था घरी ओळखावी कशी? फुप्फुसात द्रव साचला की ते ताठर होते व प्रत्येक श्वासात पुरेशी हवा घेता येत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर श्वासांची संख्या वाढविते. म्हणून श्वास मोजणे ही सर्वांत साधी आणि अत्यंत उपयुक्त परीक्षा आहे. तिला घड्याळाखेरीज काही लागत नाही. रोगी शांत पडला असताना, शक्यतो त्याच्या नकळत, छाती किंवा पोट किती वेळा वर येते हे पुरे एक मिनिट मोजावे. विश्रांती घेत असलेल्या निरोगी प्रौढाचे श्वास मिनिटास १२ ते २० असतात. २०२१ साली कोविडसाठी भारतात जी राष्ट्रीय मार्गदर्शिका होती, तिच्यानुसार मिनिटास २४ किंवा अधिक श्वास असणे हे मध्यम आजाराचे आणि ३० हून अधिक असणे हे गंभीर आजाराचे लक्षण मानले जाई.

दुसरे साधन बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरचे. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने युक्त असता लाल प्रकाश कमी व अवरक्त प्रकाश अधिक शोषते. प्राणवायूविरहित असता याच्या उलट घडते. बोटातून आरपार गेलेल्या या दोन प्रकाशांची तुलना करून यंत्र प्राणवायूचे शेकडा प्रमाण सांगते. नाडीच्या ठोक्याचा उपयोग करून हे मोजण्याची युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यास १९७० नंतरच्या काही वर्षांत सुचली. वरील मार्गदर्शिकेप्रमाणे ९४ किंवा अधिक हा आकडा सौम्य आजारात अपेक्षित होता. ९० ते ९३ म्हणजे मध्यम आणि ९० च्या खाली म्हणजे गंभीर आजार. हात गार असतील, नखांना रंग किंवा मेंदी लावलेली असेल, तर यंत्र चुकू शकते. काळसर त्वचेच्या माणसात ते कधी कधी खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखविते. म्हणून आकडा समाधानकारक असूनही रोगी धापत असेल, तर रोग्यावर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे.

याच्या उलट प्रकारही कोविडमध्ये पुष्कळ दिसला. रोगी बोलत-चालत असे, तक्रार काही नसे, पण प्राणवायूचे प्रमाण ८५ पर्यंत उतरलेले असे. याचे कारण असे की, गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कर्बद्विप्राणिल वायू साचल्याने होते. तो वायू वायुकोशाच्या भिंतीतून सहज बाहेर पडतो, त्यामुळे प्राणवायू कमी पडूनही काही काळ तो साचत नाही आणि शरीराची घंटा वाजतच नाही. हा धोका ओळखण्यासाठी घरातल्या घरात सहा मिनिटे चालण्याची परीक्षा महाराष्ट्रात लोकांना शिकविण्यात आली. चालण्यापूर्वी व नंतर आकडा पाहावा. तो ९४ च्या खाली गेला किंवा तीन-चार अंकांनी घसरला, तर फुप्फुसास बाधा झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. ज्याला बसल्या जागी धाप आहे त्याला मात्र ही परीक्षा करावयास लावू नये.

बालकांचे श्वास

बालकांचे श्वास स्वभावतःच जलद असतात, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा निराळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने त्या अशा ठरविल्या आहेत : दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असल्यास ते जलद समजावेत. बाळ झोपलेले वा शांत असतानाच मोजावे.

ही मोजणी किती मोलाची आहे, हे महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने जगास दाखवून दिले. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना व सुइणींना बालकांचा न्यूमोनिया श्वासांवरून ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी व एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले श्वासमोजणीचे साधन तयार करण्यात आले. या प्रयत्नामुळे बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे काम क्ष-किरणयंत्राशिवाय होणार नाही असे मानले जात होते, ते निरक्षर सुईण मण्यांच्या आधाराने करू शकली.

श्वासाची गती वाढण्याबरोबर श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, दूध न घेणे, हाका मारूनही जागे न होणे, ओठ निळसर होणे यांपैकी कोणतेही चिन्ह दिसले, तर वाट पाहू नये.

एकाचे औषध दुसऱ्यास का चालत नाही

सौम्य व गंभीर आजारांतील भेद ओळखण्याचे आणखी एक कारण आहे. दोहोंची औषधे भिन्न असतात, आणि एकाचे औषध दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते.

जून २०२० मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविडच्या रोग्यांपैकी दोन हजारांहून अधिक जणांना डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त स्टेरॉइड दिले होते, व चार हजारांहून अधिक जणांना दिले नव्हते. कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांतील मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांश घटले. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांतील मृत्यू एक पंचमांश घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. त्यांच्यात अपायाची शक्यताच दिसली. कारण उघड आहे. स्टेरॉइड प्रतिकारशक्तीस आवर घालते. प्रतिकार अतिरेकास गेला असेल तेथे ते तारक ठरते. प्रतिकाराची जेथे नितांत गरज आहे तेथे ते शत्रूस वाट मोकळी करून देते.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारतात दुसरी लाट आली. काशीत मणिकर्णिका व हरिश्चंद्र या घाटांवर प्रेतांच्या रांगा लागल्या. त्या धास्तीने देशभर अनेकांनी सौम्य आजारातही स्वतःच्या मनाने स्टेरॉइडे घेतली. मधुमेही रोग्यांत त्याचा परिणाम म्हणजे रक्तातील साखर भडकणे आणि म्युकरमायकोसिस या बुरशीचा प्रादुर्भाव. लोक तिला 'काळी बुरशी' म्हणत. तिच्यामुळे कित्येकांचे डोळे व जबडे काढून टाकावे लागले.

विषाणुरोधक औषधांची गोष्ट याच्या उलट आहे. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध विषाणू वाढत असतो त्या प्रारंभीच्या काळात, शक्यतो पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिल्यास अधिक उपयोगी पडते. म्हणून ज्यांना धोका अधिक, त्यांनी आजार गंभीर होण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

धोका कोणास अधिक, आणि तो कमी कसा होतो

पाच वर्षांखालील, त्यातही दोन वर्षांखालील बालके, साठी उलटलेली माणसे, गर्भवती स्त्रिया, तसेच मधुमेह, दमा, क्षय, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रोगी यांच्यात आजार वायुकोशांपर्यंत उतरण्याचा संभव अधिक असतो. तंबाखू ओढणाऱ्याच्या व चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे काम केलेल्या स्त्रीच्या श्वासनलिका आधीच दुर्बल झालेल्या असतात. बंद खोलीत एकत्र बसल्याने शरीरात शिरणाऱ्या विषाणूंची मात्राही वाढते. थंडीतही एखादी खिडकी उघडी ठेवणे म्हणूनच हिताचे असते.

लशीचे कार्यही याच दृष्टीने समजून घ्यावे. "लस घेऊनही मला सर्दी झालीच," अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. लस नाकाच्या दारात विषाणूस प्रत्येक वेळी अडवू शकत नाही. पण रक्तातील प्रतिकारशक्ती आधीच सज्ज असल्यामुळे विषाणू फुप्फुसापर्यंत जाऊन धुमाकूळ घालण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त होतो. भारतात कोविडचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. पुढील वर्षाच्या प्रारंभी ओमिक्रॉन या रूपाची लाट आली तेव्हा रोगी अगणित होते, पण त्यांतील गंभीर रोग्यांचे प्रमाण आधीच्या लाटेच्या मानाने पुष्कळच कमी होते. लस व पूर्वी होऊन गेलेला आजार यांमुळे मिळालेली प्रतिकारशक्ती हे त्याचे एक कारण होते. हे नवे रूप वरच्या श्वसनमार्गात अधिक व फुप्फुसात कमी वाढत असे, हे दुसरे कारण. फ्लूचा विषाणू सतत आपले रूप पालटतो, त्यामुळे त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते.

पुन्हा वाड्यात

आता आरंभीच्या वाड्यात परत जाऊ. सून घड्याळ घेऊन बसते. नातवाचे श्वास मिनिटास १६ भरतात. त्याचा खोकला गेलेला नाही, पण तो बरा होत आहे. त्यास औषधाची गरज नाही. आजी डोळे मिटून पडल्या असताना ती त्यांचे श्वास मोजते, ते २८ भरतात. बाळाचे श्वास ५८ आहेत व प्रत्येक श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडतो आहे. सर्वांत जोराचा ताप ज्याला आला होता तो सुरक्षित आहे, आणि ज्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नव्हते त्या दोघांना त्याच घटकेस डॉक्टरांची गरज आहे.

दूधविनायकाच्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही. रोग्यास खुर्चीवर बसवून किंवा उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते, मग कबीरचौऱ्याचे शिवप्रसाद गुप्त रुग्णालय गाठावयाचे असो की शहराच्या दक्षिण टोकास असलेले हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय. कोकणातील वाडीस किंवा मेळघाटातील पाड्यास ही अडचण याहूनही मोठी असते. जेथे वाट लांब किंवा अरुंद आहे तेथे निर्णय लवकर व्हावा लागतो, आणि तो निर्णय घेण्याचे साधन प्रत्येक घरात आहे. सुनेने शेजारच्या दोघांना हाक मारली, बाळास शालीत घेतले, आणि "आई, पडसं असलं तर संध्याकाळी परत येऊ, पण आता निघायचं," एवढेच आजींना सांगितले, तर तिने आपले काम चोख केले असे म्हणावे लागेल. पुढचे काम डॉक्टरांचे आहे.

ताप हाताला जाणवतो आणि खोकला कानाला ऐकू येतो, म्हणून आपले लक्ष त्यांच्याकडे जाते. श्वासाकडे मात्र मुद्दाम पाहावे लागते. घरात कोणी आजारी असता दिवसातून दोनदा, एक मिनिट, एवढे पाहण्याची सवय प्रत्येक कुटुंबाने लावून घ्यावी.